पोलिसांच्या वहीतून

दर सोमवारी सकाळी मी चौकीत जाते.
सार्जंट लुडविग कॉफीचा कप बाजूला सरकवतो,
वही माझ्याकडे फिरवतो.
एकतीस वर्षं हेच. आधी त्याचा बाप फिरवायचा.

मी उतरवून घेते.
गुरुवारच्या अंकात, पान चार, कूपनांच्या वर,
ऑल्डन हाइट्समध्ये आठवडाभरात काय घडलं ते येतं.
म्हणजे फारसं काही घडलं नाही, ते.

बर्च लेन. गॅरेजचं दार रात्रभर उघडं.
काही गेलं नाही. उलट
कुणीतरी एक शिडी आणून ठेवली.

फुलर रस्ता. शेजाऱ्याचं पालापाचोळा उडवायचं यंत्र, सकाळी सहाला.
समज दिली.
फुलर रस्ता. तेच यंत्र. पुन्हा समज.
फुलर रस्ता. तक्रारदाराने स्वतःच एक यंत्र आणलं.

वाचनालयाच्या मागे संशयास्पद पिशवी.
आत जिगसॉची बावीस खोकी आणि चिठ्ठी:
प्रत्येकात एक तुकडा कमी आहे, माफ करा.

राईचा पर्वत करून लोक फोन करतात,
मी त्याची पुन्हा राई करते. तेवढंच माझं काम.
नियम एक: नाव नाही, घराचा नंबर नाही, फक्त रस्ता.
पण अकरा रस्त्यांच्या वस्तीत रस्ता म्हणजे नावच की.
गुरुवारी दुपारपर्यंत सलूनमध्ये, ड्रायरखाली बसलेल्या बायका
गाळलेल्या जागा भरून मोकळ्या होतात.

मीही हसत आलेय. खोटं कशाला बोलू.
वांडा प्रुसाक एकदा चेरीचा पाय घेऊन आली होती,
मुलाचं तेवढं छापू नकोस म्हणाली.
मी पाय ठेवून घेतला. आणि छापलं.

या सोमवारी लुडविगने वही फिरवली नाही.
म्हणाला, व्हर्ना, या खेपेला विशेष काही नाही,
आणि खिडकीतून पार्किंगकडे बघत बसला,
जणू तिथे सर्कस उतरली होती.
मीच फिरवली.

हेझल आणि नववी, चौक. बुधवार, पहाटे ४.१०. बर्फ.
वृद्ध इसम वाहतूक अडवत आहे.
पायजमा, सपाता, नारिंगी जाकीट,
हातात ‘थांबा’ची लाल पाटी.
वाहतूक म्हणजे एक गाडी. पावाची.

एकोणीस वर्षं ऑगीने त्याच चौकात
शाळेची पोरं पलीकडे नेली.
आता शाळा नाही. लोक तिथे भाड्याने
नको असलेलं फर्निचर ठेवतात.
पाटी मी तळघरात, पेंटच्या डब्यांमागे लपवली होती.
कडीचा आवाज मला आला नाही.

खाली गाडीवाल्याचा जबाब, नबील शाहीन,
लुडविगच्या गिचमिड अक्षरात:
काच खाली करून विचारलं, जाऊ का?
ते म्हणाले, अजून एक पोरगी यायचीय,
तिच्या बुटाची नाडी सुटलीय.
मी इंजिन बंद केलं.
बराच वेळ लागला तिला.
मग त्यांनी पाटी खाली घेतली, मला हात केला.
मी त्यांना घरी सोडलं. पाव गरम होते, एक दिला.

बुधवारी ओट्यावर पाव होता.
मी ऑगीवर ओरडले होते,
की मला न सांगता दुकानात कशाला जातोस.
तो म्हणाला होता, कुठलं दुकान?

फोन कुणी केला ते वहीत नाही.
आमच्याच रस्त्यावरच्या कुठल्या तरी खिडकीने.
मीही केला असता.

लुडविग अजून पार्किंग बघतोय.
माझ्या पेनाची शाई सुकलीय की हात, कळत नाही.
वांडाचा पाय आठवतो, कडेला जरा करपलेला.
मी उतरवून घेते.

हेझल आणि नववी. पहाटे ४.१०.
वाहतूक थोडा वेळ थांबली.
सगळी मुलं पलीकडे पोचली.

फुलर रस्ता. आता बर्फावरही तेच यंत्र.
समज दिली.